आईच्या शब्दाला वजन : ख्रिस्ती शास्त्रातील मातृसन्मान आणि सद्गुणी स्त्री

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाशिकमधील अनेक मराठी मंडळ्यांत मातृदिनाची उपासना होते. संडे स्कूलची मुले गीत म्हणतात, स्त्री मंडळातील वडीलधाऱ्या बायकांच्या हाती गुलाबाचे फूल दिले जाते आणि शास्त्रपाठासाठी जवळजवळ ठरल्यासारखा बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय उघडला जातो. वाचन दहाव्या वचनापासून, म्हणजे ‘सद्गुणी स्त्री’पासून सुरू होते. हा पाठ सुरू झाला की माझी आई मान खाली घालून मांडीवरच्या बायबलकडे बघत बसे. निफाड तालुक्यातल्या एका गावात, वडील गेल्यानंतर, दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीची मजुरी करून तिने आम्हा भावंडांना वाढवले. एका वर्षी उपासनेहून परतताना ती म्हणाली, “ती बाई पहाटे उठते, शेत विकत घेते, कापड विणते, गोरगरिबांना देते आणि वर हसतमुख राहते. मला यातलं निम्मंसुद्धा जमलं नाही.”

तिचे ते वाक्य मी अनेक वर्षे मनात बाळगले आहे. ज्या पाठाने आईचा गौरव व्हायचा, तोच पाठ तिच्या हातात प्रगतिपुस्तकासारखा पडत होता आणि त्यात तिने स्वतःला नापास करून टाकले होते. मंडळीतील कितीतरी स्त्रियांचे असेच होत असावे, असे मला वाटते. हा दोष शास्त्राचा नाही, आपल्या वाचनाचा आहे. तो दूर करायचा तर मूळ भाषेतले दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. एक शब्द दहा आज्ञांतील आईबापांविषयीच्या आज्ञेत आहे आणि दुसरा त्या एकतिसाव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात.

आज्ञेपासून सुरुवात करू. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि पुन्हा अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात येते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या तिला पाचवी आज्ञा म्हणतात आणि कॅथलिक परंपरा चौथी. आज्ञा त्याच दहा आहेत, फक्त त्या मोजण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. मराठीत जिथे ‘मान राख’ आहे, तिथे मूळ हिब्रू भाषेत ‘कब्बेद’ असे क्रियापद आहे आणि त्याचा धातू ‘जड असणे’ असा आहे. मान देणे म्हणजे एखाद्याला वजनदार समजणे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरजच पडू नये, कारण आपणही ‘त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असेच म्हणतो. याच्या उलट जो अपमान, त्यासाठीही हिब्रूत ‘हलके करणे’ या अर्थाचे शब्द वापरले आहेत. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आईबापांना तुच्छ लेखणाऱ्याला शाप सांगितला आहे, तिथला मूळ शब्द शब्दशः ‘हलके लेखणारा’ असाच होतो. म्हणजे आज्ञा भंगण्यासाठी आईला शिव्या देण्याची गरज नाही. ती बोलू लागली की मोबाइलकडे बघणे, घरातला निर्णय झाल्यावर तिला कळवणे, तिच्या दुखण्याला ‘वयाप्रमाणे असायचंच’ म्हणून उडवून लावणे, यांनीही ती आज्ञा भंगते, कारण त्या प्रत्येक वेळी तराजूत आईचे पारडे हलके केलेले असते.

ही आज्ञा कोणाला दिली गेली, हेही पाहिले पाहिजे. आपण ती बहुधा लहान मुलांना शिकवतो आणि तिचा अर्थ ‘सांगितलेले मुकाट्याने ऐका’ असा करतो. पण सीनाय पर्वताच्या पायथ्याशी आज्ञा ऐकायला उभा असलेला समुदाय प्रौढ होता. चोरी करू नको, व्यभिचार करू नको, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, या आज्ञा ज्यांना सांगितल्या त्यांनाच ही आज्ञा सांगितली. आणि त्यांचे आईबाप रानातल्या प्रवासात थकलेले, म्हातारे झालेले होते. नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय तर आई वृद्ध झाली म्हणून तिला तुच्छ मानू नको, असे सरळ शब्दांत सांगतो. लहान मुलांसाठी प्रेषित पौलाने नव्या करारातल्या इफिसकरांस पत्रात वेगळे शब्द वापरले आहेत. तिथे तो मुलांना प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगतो, ही वचन जोडलेली पहिली आज्ञा आहे याची आठवण देतो आणि लगेच पुढे बापांनाही मुलांना चिडीस आणू नका म्हणून बजावतो. आज्ञापालन बालपणापुरते असू शकते. मान राखणे मात्र चाळिशीतल्या आणि साठीतल्या मुलाचेही काम आहे. माझ्या मते ते मुख्यतः त्यांचेच काम आहे.

आज्ञेत बापाचे नाव आधी येते, पण लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात, प्रत्येकाने आपल्या आईचे आणि बापाचे भय धरावे असे सांगताना, आईचे नाव आधी घेतले आहे. यहुदी गुरूंनी फार पूर्वी या उलटापालटीचे एक सुंदर स्पष्टीकरण दिले. माणूस स्वभावतः आईला अधिक मान देतो आणि बापाला अधिक भितो, म्हणून जिथे मान सांगायचा तिथे बाप पुढे ठेवला आणि जिथे भय सांगायचे तिथे आई पुढे ठेवली, म्हणजे दोघांचीही बाजू समान होईल. इथला ‘भय’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

जुन्या कराराच्या इतिहासग्रंथांतही आईचे वजन दिसते. यहूदाच्या राजांची हकिकत सांगताना बहुतेक ठिकाणी राजाचे वय, त्याच्या राज्याची वर्षे आणि मग ‘त्याच्या आईचे नाव अमुक’ अशी नोंद केलेली असते. शलमोन राजा सिंहासनावर असताना त्याची आई बथशेबा त्याला भेटायला आली, तेव्हा तो उठून पुढे गेला, त्याने तिला नमन केले आणि आपल्या उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडायला लावले, असे पहिल्या राजे या पुस्तकात लिहिले आहे. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले. तो निर्णय वाचला तेव्हा मला राजांच्या त्या नोंदी आठवल्या आणि कागदावरच्या एका ओळीनेही माणसाच्या वजनात भर पडते, हे पटले.

तरीही नाव, नमन आणि आसन एवढ्यावर मान संपत नाही. येशूच्या काळात काही लोकांनी एक पळवाट काढली होती. आईबापांच्या उपयोगी पडू शकेल असा पैसा किंवा वस्तू ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेली, असे जाहीर केले की ती आईबापांना देण्याचे बंधन उरत नसे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने या चालीवर फार कठोर शब्दांत टीका केली आहे. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द करता, असे तो म्हणतो. येशूच्या दृष्टीने मान राखण्याच्या आज्ञेत आईबापांचा खर्च उचलणे गृहीत धरलेले आहे, आणि देवाच्या नावावर केलेले दानसुद्धा त्यातून सुटका देऊ शकत नाही. ज्यांचे नाव मंडळीच्या देणगीदारांत दरवर्षी झळकते आणि ज्यांची आई गावी औषधावाचून दिवस काढते, अशांनी हा अध्याय एकट्याने बसून वाचावा.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘मान’ या अर्थाचा ‘तिमे’ हा शब्द आहे आणि त्याचा दुसरा अर्थ किंमत, मोल असा होतो. मराठीत ‘मानधन’ या एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी किती सहज एकत्र आल्या आहेत! पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पहिल्या पत्रात खरोखर निराधार असलेल्या विधवांचा सन्मान कर असे सांगतो, तेव्हा तो याच धातूचे क्रियापद वापरतो, आणि पुढची वाक्ये पाहिली तर तिथे पोटापाण्याचीच चर्चा आहे. ज्या विधवेला मुले किंवा नातवंडे आहेत, त्यांनी आधी आपल्या घरच्यांशी भक्तीने वागून आईवडिलांचे ऋण फेडायला शिकावे; जो स्वकीयांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, इतक्या टोकाला जाऊन पौल हे सांगतो. भारतात २००७ साली आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येईल असा कायदा झाला. मंडळीतील एखाद्या आईला त्या कायद्याच्या दारापर्यंत जावे लागले, तर त्या मंडळीने हे पत्र नुसतेच मोठ्याने वाचले होते, असे मी म्हणेन.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू, जो आईबापांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, असे म्हणतो. आपल्या आईची आणि भावांची चौकशी आली तेव्हाही, देवाच्या इच्छेप्रमाणे करणारे तेच माझी आई आणि भाऊ, असे उत्तर तो देतो. ‘द्वेष’ हा त्या काळच्या बोलण्यातला तुलनेचा शब्द आहे, त्याचा रोख ‘दुसऱ्या स्थानी ठेवणे’ असा आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात हाच विचार ‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा’ अशा शब्दांत आला आहे. देवाचे स्थान पहिले, आणि आईचे त्याच्या खाली पण खरोखर उंच. कुर्बानाची पळवाट बंद करणारा येशू आणि शिष्यपणाची ही किंमत सांगणारा येशू एकच आहे, हे वधस्तंभापाशी स्पष्ट होते. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्राण जाण्याच्या वेळी तो आपल्या आईला पाहतो, शिष्याला म्हणतो, ही तुझी आई, आणि त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. जगाच्या तारणाचे कार्य पुरे होत असताना आईने उद्यापासून कोणाच्या घरी राहावे, या प्रश्नाचे उत्तर दिले जात होते. मरीयेविषयी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या शिकवणीत फरक आहेत, पण या वचनासमोर दोघेही सारखेच नम्र होतात.

नाशिकच्या ख्रिस्ती समाजात हा विषय आणखी एका बाजूने नाजूक आहे. आपल्यातील कित्येकांची आई किंवा आजी ख्रिस्ती नव्हती, आजही नाही. आज्ञेत ‘विश्वासणाऱ्या आईचा मान राख’ असे म्हटलेले नाही. जिने जन्म दिला तिचा मान राखायचा, ती देवघरापुढे बसत असली तरी. तिच्या पूजेत सहभागी होता येत नाही म्हणून तिच्याशी बोलणे तोडणे, सणाच्या दिवशी तिला एकटे ठेवणे, तिच्या श्रद्धेची चारचौघांत टिंगल करणे, याला शास्त्रात कुठेही आधार सापडत नाही. ज्या घरांत आईकडूनच मुलाला मारहाण किंवा छळ सोसावा लागला, तिथे काय करायचे, असाही प्रश्न काही जण अगदी खालच्या आवाजात विचारतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मान राखणे म्हणजे अन्याय सोसत राहणे नव्हे; सुरक्षित अंतर ठेवूनही तिच्या म्हातारपणाची सोय बघता येते आणि तिच्याविषयी खोटे किंवा वाईट बोलणे टाळता येते.

आता तो दुसरा शब्द. मराठी बायबलमध्ये जिला ‘सद्गुणी स्त्री’ म्हटले आहे, तिला हिब्रूत ‘एशेत हायिल’ असे नाव आहे. ‘एशेत’ म्हणजे स्त्री. ‘हायिल’ हा शब्द मात्र सद्गुण या आपल्या सौम्य शब्दात मावत नाही. तांबड्या समुद्रापाशी मिसरच्या फारो राजाचे जे सैन्य बुडाले, त्या सैन्याला हाच शब्द वापरला आहे. देवदूताने गिदोनाला वीर म्हणून हाक मारली, त्या हाकेत हाच शब्द आहे. मोशेने न्यायनिवाड्यासाठी जी लायक माणसे निवडायची होती, त्यांचे वर्णनही याच शब्दाने केले आहे. शौर्य, बळ, कर्तबगारी, कधी सैन्य तर कधी संपत्ती, असे त्याचे अर्थ प्रसंगानुसार होतात. तेव्हा दहाव्या वचनाचा प्रश्न ‘शालीन बायको कोणाला मिळेल’ एवढा लहान नाही. ‘पराक्रमी स्त्री कोणाला लाभेल’ असा त्याचा सूर आहे.

पुढची वचनेही याच सुरात आहेत. नवऱ्याला लाभाची उणीव पडत नाही, असे म्हणताना कवीने जो शब्द घेतला, तो युद्धातल्या लुटीसाठी वापरतात. ती घरच्यांना अन्न पुरवते, तिथे शिकार या अर्थाचा शब्द आहे. सिंहीण बछड्यांसाठी शिकार आणते तसे ते चित्र आहे. सतराव्या वचनात ती बळाने कंबर कसते आणि आपले बाहू मजबूत करते. आपल्याकडे हे चित्र दाखवायला एक पदर पुरतो : बाईने पदर खोचला की पुढे काम उरकणारच, हे घरातल्या सगळ्यांना कळते. सोळाव्या वचनात ती शेत पाहून, विचार करून ते विकत घेते आणि आपल्या हातच्या कमाईने द्राक्षमळा लावते. दिंडोरी, निफाडच्या वाचकाला या वचनाचे महत्त्व अधिक कळेल. वेल लावल्यापासून पीक हाती येईपर्यंत किती थांबावे लागते, मांडवाला किती खर्च येतो, एका अवकाळी पावसात काय होते, हे ज्याला माहीत आहे त्याला इथे घरगुती आवड दिसणार नाही. एका बाईने स्वतःच्या निर्णयाने पत्करलेली मोठी जोखीम दिसेल. आणि एकोणिसाव्या, विसाव्या वचनांत जे हात चातीकडे जातात, तेच हात दीनदुबळ्यांकडे पुढे होतात. कवीने ही दोन वचने मुद्दाम एकमेकांच्या आरशासारखी रचली आहेत.

या काव्याची रचनाही समजून घेतली पाहिजे. दहाव्या वचनापासून एकतिसाव्यापर्यंत बावीस वचने आहेत आणि हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरे आहेत. प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते. आपल्याकडे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत म्हणावे तसे हे पूर्णतेचे चिन्ह आहे. कवी एका स्त्रीचा एक दिवस सांगत नाही, तो एका आयुष्याचे सगळे ऋतू गोळा करतो. पंधराव्या वचनात त्या घरी दासीही आहेत, हे आपण वाचताना विसरतो. एकटीने स्वयंपाक, धुणी, नोकरी, मुलांचा अभ्यास आणि सासूचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या बाईने या बावीस वचनांची यादी करून रोज रात्री स्वतःला गुण द्यावेत, असा या काव्याचा हेतू असूच शकत नाही. यहुदी घरांत शुक्रवारी रात्री, शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस सुरू झाल्यावर, नवरा आपल्या पत्नीसमोर हे काव्य गातो, अशी परंपरा आहे. तिथे ते तिला शिकवण्यासाठी म्हटले जात नाही. आठवडाभर तिने जे केले त्याबद्दल तिला ऐकवले जाते. अठ्ठाविसाव्या वचनातही मुले उठून तिला धन्य म्हणतात आणि नवरा तिची प्रशंसा करतो. या काव्यात कृती तिची आहे, पण काम ऐकणाऱ्यांना सांगितलेले आहे : उठा आणि बोला.

हा अध्याय कोणाचा आहे, हे त्याच्या पहिल्याच वचनात सांगितले आहे आणि उपासनेत आपण नेमके तेच गाळतो. लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली ही वचने आहेत. ती त्याला मद्यापासून दूर राहायला सांगते आणि ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड, दीनदरिद्र्यांचा न्याय कर, असे शिकवते. अध्यायाची आज जशी मांडणी आहे तशीच ती वाचली, तर सद्गुणी स्त्रीचे काव्यही त्या आईच्या शिकवणीपाठोपाठ येते. एका मुलाने कशाची किंमत करायला शिकावे, याचा तो धडा आहे. म्हणून मातृदिनाला हा पाठ वाचायचा असेल तर तो पुरुषांच्या आणि तरुण मुलांच्या कानांसाठी आधी आहे, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्या पराक्रमाचे मूळ तिसाव्या वचनात आहे. सौंदर्य भुलवते आणि रूप टिकत नाही, पण परमेश्वराचे भय बाळगणारी स्त्री प्रशंसेस पात्र आहे. आपण तिलाच देवभीरू म्हणतो. या भयाचा अर्थ घाबरणे असा नाही. आईचा धाक असलेल्या घरात मूल आईला बिलगतेही आणि तिच्यासमोर खोटे बोलायला कचरतेही, तसे ते आहे. मघाशी लेवीयमध्ये आईच्या संदर्भात जो ‘भय’ शब्द आला, तो याच धातूचा आहे. जे आदरयुक्त भय सद्गुणी स्त्री परमेश्वराला देते, त्याच जातीचे भय तिच्या लेकरांनी तिला द्यायचे आहे. पेत्रही पहिल्या पत्रात केसांच्या वेणीफणीपेक्षा आणि सोन्याच्या दागिन्यांपेक्षा अंतःकरणातल्या सौम्य आणि शांत आत्म्याची शोभा मोठी मानतो. ‘सौम्य’ म्हणजे गप्प, असा त्याचा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. नीतिसूत्रांच्या याच काव्यात सव्विसाव्या वचनातली स्त्री तोंड उघडते तेव्हा तिच्या बोलण्यात ज्ञान असते आणि तिच्या जिभेवर शिकवण असते.

देवाचे भय ज्याचे त्याला असावे लागते, ते नवऱ्याकडून उसने मिळत नाही. याचे आपल्या जवळचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली त्यांचा जन्म झाला. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागून ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षे त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांच्या स्वतःच्या मनाला पटले, तेव्हा त्यांनी आपले पाऊल उचलले. शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाईने लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली आणि १९१९ साली टिळक गेल्यावर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्यही त्यांनीच पुढे नेले. सव्विसावे वचन वाचताना मला त्यांच्या रोखठोक, घरगुती मराठीची आठवण होते.

शास्त्रात आईपण रक्तापुरते ठेवलेले नाही, हेही सांगायला हवे, कारण मातृदिनाच्या उपासनेत मूल नसलेल्या बहिणी मागच्या बाकावर बसतात आणि गुलाब वाटायला सुरुवात झाली की त्यांची नजर कुठे असते, हे मी पाहिले आहे. शास्ते या पुस्तकात दबोरा स्वतःला इस्राएलातील माता म्हणते, आणि तिला मुले होती की नाही याचा उल्लेखही तिथे येत नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईलाही, जी माझीही आई आहे. त्या स्त्रीचे नाव कुठे लिहून ठेवलेले नाही. पौलासाठी तिने काय केले, हेही नाही. नाशिकमधील आपले शरणपूर १८५० च्या दशकात ख्रिस्ती वस्ती म्हणून उभे राहिले, आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणून वाढवली गेली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेतून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही तो हजर होता. ज्या मुलांना आपल्या आईचा चेहराही नीट आठवत नसेल, त्यांना या गोदाकाठी कोणाकोणाच्या हातून भाकरी मिळाली असेल, असा विचार शरणपूर रोडवरून जाताना माझ्या मनात नेहमी येतो. लोईस आणि युनीके या आजी आणि आई यांच्या विश्वासाची आठवण पौल तीमथ्याला करून देतो, तीही याच ओळीतली आहे : विश्वास त्या घरात दोन स्त्रियांच्या हातून आला, बाप ग्रीक होता.

आणि रूथ. माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला शेवटी तिच्यात सापडले. हिब्रू बायबलच्या एका जुन्या क्रमात नीतिसूत्रांचे पुस्तक संपले की लगेच रूथचे पुस्तक सुरू होते. म्हणजे ‘एशेत हायिल’चे काव्य वाचून पान उलटावे आणि समोर रूथ उभी असावी. तिच्याकडे शेत नाही, द्राक्षमळा नाही, दासी नाहीत. ती परक्या मवाब देशातली, विधवा, मूलबाळ नसलेली, आणि सासूच्या व आपल्या पोटासाठी दुसऱ्यांच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचणारी. तिसऱ्या अध्यायात त्या शेताचा मालक बवाज तिला म्हणतो की तू ‘एशेत हायिल’ आहेस, हे माझ्या गावच्या साऱ्या वेशीला ठाऊक आहे. संपूर्ण जुन्या करारात एखाद्या नाव घेतलेल्या स्त्रीला हे शब्द लावलेले असे हे एकमेव ठिकाण आहे. आणि नीतिसूत्रांतल्या काव्याचे शेवटचे वचनही, तिच्या कृत्यांनीच वेशीत तिची प्रशंसा होवो, असेच आहे.

गेल्या वर्षी मातृदिनाच्या दुपारी मी आईला रूथचे पुस्तक पहिल्यापासून वाचून दाखवले. आता तिला कमी ऐकू येते, म्हणून जवळ बसून मोठ्याने वाचावे लागते. सरव्याशी ती थांबली. बागेतला माल उतरल्यावर मालकीणबाई मजूर बायकांना खाली पडलेले मणी आणि वेलीवर राहिलेले छोटे घड घरी नेऊ देत असे, ते आम्ही भावंडे पितळीत घेऊन खात असू, हे तिने मला सांगितले, जणू मी तिथे नव्हतोच. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात द्राक्षमळा दुसऱ्यांदा झाडून खुडू नको, राहिलेले परक्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी ठेव, अशी आज्ञा आहे, तेही मी तिला वाचून दाखवले. मग बवाजाचे शब्द आले आणि ‘सद्गुणी’ या शब्दामागे काय आहे, ते मी सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “हे त्यानं तिला लग्न झाल्यावर म्हटलं, की आधी?”

“आधी,” मी म्हणालो. “खळ्यावर. तेव्हा तिच्यापाशी काहीच नव्हतं.”

“परत वाच,” आई म्हणाली.